तू परत केलेली सही

पुष्पे,

परवा तुझी तेरवी आटोपून आम्ही मेहकरहून परत आलो. पंगतीत बुंदी होती. वाढणारा "घ्या, घ्या" करत माझ्यासमोर आला आणि मी घेतली. नुसती घेतली नाही, खाल्लीही. तुझ्या नावाचं जेवण आणि मी बुंदी खाते आहे! तू असतीस तर म्हणाली असतीस, "अन्नावर कायले राग काढून राह्यली, सुमे? खाय गुमान." म्हणून खाल्ली, असं मी मनाला समजावते. खरं सांगायचं तर सकाळपासून पोटात काही नव्हतं आणि भूक लागली होती.

तिथं जो तो तुझ्याबद्दलच बोलत होता, आणि सगळ्यांचं एकच, पुष्पा म्हणजे गरीब गाय. मला हसू यायचंच काय ते बाकी राहिलं. कॉलेजात त्या मिशीवाल्या पोरानं बाकावर तुझं नाव कोरलं होतं, तेव्हा त्याच्याच हातात काचकागद देऊन सगळ्या वर्गासमोर त्याच्याकडून बाक घासून घेणारी तू. गरीब गाय म्हणे! मेलं की लोक माणसाची शिंगंसुद्धा काढून घेतात. मी मात्र काही बोलले नाही. तिथं गेल्यावर तोंड उघडू नकोस, असं आईनं बसमध्येच बजावलं होतं.

मला तू आठवतेस ती त्या उन्हाळ्यातली, नांदुऱ्याच्या बँकेतली. बँका नुकत्या सरकारच्या झाल्या होत्या, गावोगाव शाखा निघत होत्या, आणि आपल्या प्राचार्यांच्या डोक्यात आलं की कॉमर्सच्या पोरांनी सुटीत घरी लोळत पडण्यापेक्षा बँकेत जाऊन काम शिकावं. पगार नाही, चहा तेवढा मिळेल. मुलगे अकोल्याला गेले. वर्गात मुली दोनच, तू आणि मी. आपल्याला कुठं पाठवायचं यावर बराच खल झाला म्हणे. शेवटी नांदुरा ठरलं, कारण माझं घर तिथं. तू पिंपळगाव राजाची, माझ्या आईच्या माहेरच्या शेजारची, आपल्या नात्यागोत्यातली, म्हणून तुझ्या वडिलांनी, दादांनी, तुला आमच्याकडे राहू दिलं. ते स्वतः सोडायला आले, एका हातात तुझी वळकटी आणि दुसऱ्या हातात मळ्यातल्या वांग्यांची पिशवी. माझ्या बाबांना म्हणाले, पोरगी तुमच्या हवाली करून राह्यलो. त्यानंतर दर बाजाराला कोणाच्या ना कोणाच्या हाती वांगी येतच राहिली. ठेव पिंपळगावची आणि व्याज वांग्यांत, असं बाबा म्हणायचे. त्या उन्हाळ्यात आम्ही भरीत इतकं खाल्लं की आई वांग्याचं नाव काढलं की दार लावून घ्यायची.

पहिल्या दिवशी आपण दोघी कडक इस्त्रीच्या साड्या नेसून, लग्नाला निघाल्यासारख्या बँकेत जाऊन उभ्या राहिलो. एजंटसाहेबांनी, म्हणजे शाखेच्या मुख्य साहेबांनी, आपल्याकडे एकदा पाहिलं आणि हेडबाबूंना सांगितलं, यांना कॅशच्या आसपास फिरकू देऊ नका. हेडबाबूंनी आपल्याला माठाजवळच्या बाकावर बसवलं. पंखा साहेबांच्या डोक्यावर, आपल्या वाट्याला माठाचा गारवा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्या स्लिपा भरायच्या आणि पैसे काढायला आलेल्यांना नंबराचे पितळी बिल्ले द्यायचे, एवढंच काम. बाजाराच्या दिवशी झुंबड उडायची आणि अमावस्येला कुत्रंही फिरकायचं नाही. काही बाया पैसे भरण्याआधी काउंटरवर डोकं टेकवायच्या. गडीमाणसं मात्र जाळीतून वाकून वाकून बघायची, की बँकेत पोरी बसवल्यात हे खरं आहे का.

मी दोन दिवसांत कंटाळले. तू मात्र तिथं लोणच्यासारखी मुरलीस. तो पातोंड्याकडचा म्हातारा आठवतो? मागच्या साली ठेवलेल्या त्याच नोटा परत द्या म्हणून अडून बसला होता. मी तोंडात पदर कोंबून हसत होते. तू उठून त्याच्याजवळ गेलीस आणि म्हणालीस, आजोबा, पेवात जवारी टाकली तर काढताना तोच दाणा हाती येते काय? पण जवारी तर येते न? म्हाताऱ्यानं मान हलवली आणि तो मिळाल्या त्या नोटा धोतराच्या सोग्यात बांधून गेला. हेडबाबूंनी चष्म्यावरून तुझ्याकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी तुला माठाजवळून उठवलं आणि सह्यांच्या कार्डांच्या ड्रॉवरपाशी बसवलं. प्रत्येक खातेदाराच्या सहीचं एक कार्ड तिथं असायचं. स्लिपवरची सही कार्डावरच्या सहीशी ताडून पाहायची, जुळली तरच बिल्ला द्यायचा. मी बाकावरच राहिले, याचा मला राग आला होता. दोन दिवस मी तुझ्याशी धड बोलले नाही आणि तुला ते कळलंसुद्धा नाही, इतकी तू त्या ड्रॉवरमध्ये बुडाली होतीस.

त्याच सुमारास घरी परत येताना तू मला म्हणालीस, "सुमे, मले इथीच बसाचं हाय. सुटीपुरतं नाही. नेहमीसाठी." आपण रेल्वे फाटक उघडायची वाट बघत उभ्या होतो. तुझ्या कपाळावर घामानं कुंकू ओघळलं होतं. तुझ्या घरातली बाई मळ्याबाहेर कधी कामाला गेली नव्हती. मी म्हटलं, बस की, तुला कोण उठवतंय? इतकं सोपं वाटत होतं मला ते.

मे सरत आला असेल. दुपारी आबाजी आले. आबाजी म्हणजे स्टेशनजवळचे धान्याचे अडते, जुने खातेदार, आठवड्याला त्यांची फेरी ठरलेली. त्या दिवशी सोबत पांढऱ्या टोपीचे एक पाहुणे होते. आबाजी एरवी उभ्या उभ्या मोडीत सही मारायचे, एका झटक्यात, कोंबडीनं माती उकरावी तशी. त्या दिवशी मात्र बाकावर टेकले, चष्मा लावला आणि मान तिरपी करून, एकेक अक्षर मांडत, स्वच्छ बाळबोध लिपीत सही केली. स्लिप तुझ्या पुढ्यात सरकवली आणि पाहुण्यांकडे बघून हसले.

तू कार्ड काढलंस. कार्डावर मोडी, स्लिपवर बाळबोध.

"काका, हे सही जुळत नाही," तू म्हणालीस.

आबाजींना गंमत वाटली. "सही नाही जुळत त राहू दे. माणूस त जुळते न? दर हप्त्याले येतो मी."

"माणूस जुळते, काका. पण बँकेत माणूस नाही पाहत, सही पाहतात. मोडीत करून द्या, आत्ता बिल्ला देतो."

मोडीतला एक फराटा मारला असता तर प्रकरण तिथंच मिटलं असतं. पण आबाजींचा चेहरा उतरला. पाहुणे पंख्याकडे पाहू लागले. आबाजींनी स्लिपची घडी घालून खिशात टाकली आणि पाहुण्यांना घेऊन पैसे न काढताच निघून गेले. हेडबाबूंनी कपाळावर हात मारला. एवढा मोठा खातेदार, आणि त्याला पाहुण्यांसमोर परत पाठवलं! साहेब बाहेर येऊन म्हणाले, मुलीचं बरोबर आहे, पण जरा गोड बोलून सांगायचं होतं. तू गोडच बोलली होतीस. मी तिथं होते, मी साक्षीदार आहे.

संध्याकाळी घरी उलगडा झाला. ते पाहुणे म्हणजे आबाजींच्या बहिणीचे यजमान. मेहकरहून मुलासाठी तुला पाहायला आले होते. आणि हे सगळं माझ्या बाबांनी जुळवलेलं! पोहे घेऊन खाली मान घालून आलेल्या पोरीत काय कळतं, तिला कामावर असताना पाहा, असं त्यांनीच आबाजींना सुचवलं होतं. आपल्या या नव्या विचारांवर ते इतके खूष होते की त्यांनी ना आपल्याला सांगितलं, ना आईला. सही का बदलली, तेही त्यांनीच नंतर विचारून आणलं. पोरगी कॉलेजातली, तिला मोडी कुठलं वाचता येणार, तिला आपलं नाव नीट वाचता यावं म्हणून आबाजींनी मुद्दाम बाळबोधमध्ये सही केली होती. कौतुकानं केली होती बिचाऱ्यांनी.

आई म्हणाली, याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. तू पदरात तोंड खुपसून हसत सुटलीस. "बरं झालं, टळली पीडा," असं म्हणून तू त्या दिवशी एक भाकरी जास्त खाल्लीस. पुढचा आठवडा तू हवेत होतीस. हेडबाबूंना बँकेच्या परीक्षेचं विचारलंस, कोणती पुस्तकं लागतात ते विचारलंस. माझ्याही मागे लागलीस, आपण दोघी परीक्षा देऊ म्हणून. तुझ्या आयुष्यातला तो एकच आठवडा असा होता, जेव्हा तुझ्या आणि त्या काउंटरच्या मध्ये कोणी उभं नव्हतं. मी तो जवळून पाहिला, याचं मला आज बरं वाटतं.

मग एका सकाळी आबाजी पेढ्यांचा पुडा घेऊन आमच्या दारात. तू आत कांदा चिरत होतीस. ते बाबांना म्हणाले, "जे पोरगी मले सोडत नाही, ते माह्या बहिणीच्या घरातला एक दाणा बाहेर जाऊ देनार नाही. पसंत हाय आमाले." आणि स्वतःची फजिती स्वतःच रंगवून सांगत खदखदा हसले. राग कधीच गेला होता. मेहकरच्या घरी त्यांनीच तुझी बाजू लावून धरली होती, आणि पुढं तो किस्सा सगळ्या मेहकरला सांगितला. म्हणजे बघ, काउंटरवर बसायला जे शिकत होतीस, त्यानंच तुला काउंटरवरून उठवलं. तू चुकली असतीस तर वाचली असतीस. मी हे तुला पुढं किती वेळा म्हटलं! आणि दर वेळी तुझं एकच, "मंग काय खोटी सही पास करू?"

पिंपळगावला बैठक झाली, तेव्हा मी आई-बाबांबरोबर आले होते. तू आदल्या दिवशी दादांना बजावलं होतंस की नोकरीचं बोललात तरच मी उभी राहीन. कपडालत्ता झाला, भांडी झाली, मानपान झाला. दादा आपले गप्प. तू दाराआडून खोकलीस. मग त्या माणसानं, ज्यानं जन्मात कधी चार माणसांत तोंड उघडलं नव्हतं, घसा खाकरून म्हटलं की पोरीचं शेवटचं वर्ष होऊ द्या, आणि मग तिले बँकेत नौकरी कराची हाय. तेव्हा आबाजीच बोलले, "हे काय इचाराची गोठ हाय? शिकू देऊ, नौकरी बी करू देऊ. मेहकरलेबी बँक हाय. हा माहा शब्द." बाकीच्यांनी माना हलवल्या. तू दाराआड माझा हात इतका दाबलास की बांगडी रुतली. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, पण त्या दिवशी आपण दोघी तो पोटभर जेवलो.

शेवटचं वर्ष तुला खरंच पूर्ण करू दिलं त्यांनी. तुला माझ्यापेक्षा जास्त गुण पडले. पडणारच होते. मग तुझं लग्न झालं, आणि बँकेच्या जागा निघाल्या तेव्हा तू मेहकरला होतीस. मी दोन अर्ज आणले, एक माझा, एक तुझा, आणि तुझा घेऊन मेहकरला आले. तुझ्या सासूबाईंनी चहा दिला, चिवडा दिला, माझं कौतुक केलं. अर्ज त्यांनी भिंतीतल्या देवळीत ठेवला आणि म्हणाल्या, यंदा राहू दे, नवीनच संसार हाय, पुढच्या साली पाहू. नाही म्हणाल्या नाहीत. कोणीच कधी नाही म्हणालं नाही, पुष्पे. नाही म्हणाले असते तर भांडायला काहीतरी हाती लागलं असतं. तुझे यजमान मधुकरराव दारात उभे होते. भला माणूस, पण वडील घरात असले की त्यांना वाचाच फुटत नाही. ते मला म्हणाले, तुम्ही जेवून जा.

मग स्वयंपाकघरात आपलं भांडण झालं, कुजबुजत, कढईवर झाकण ठेवल्यासारखं. शब्द दिला होता त्यांनी, आठवण करून दे, असं मी म्हणत होते. तू पोळी लाटत होतीस, मान वर न करता म्हणालीस, "सुमे, तू सांजच्या गाडीनं जाशील. मले इथी राहाचं हाय."

मी चिडले. म्हटलं, तुला काउंटर हवा होता, आणि या लोकांनी तुझ्या कमरेला कोठीची किल्ली लावली. तर तू लाटणं ठेवलंस आणि शांतपणे सांगितलंस की कोठी सांभाळायलाही अक्कल लागते, आणि ती किल्ली सासूबाईंनी आपण होऊन दिली आहे. तुझ्या आवाजात अभिमान होता. मला तो सहन झाला नाही. मला तू तिथं दुःखी सापडायला हवी होतीस आणि तू नव्हतीस, निदान पूर्ण नव्हतीस. परतीच्या बसमध्ये मी पुढच्या भेटीत काय काय बोलायचं ते मनात घोळवत बसले. चांगले दणदणीत मुद्दे होते. पुढच्या भेटीत तुला दिवस गेले होते, तू थकलेली होतीस, आणि मी ते मुद्दे तसेच परत नेले. अजून माझ्याजवळच पडून आहेत.

मला नोकरी लागली. नशीब असं की त्याच शाखेत. हेडबाबूंनी पहिल्या दिवशी विचारलं, ती दुसरी कुठं आहे? मी म्हटलं, मेहकरला. तिकडच्या बँकेत का, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही.

बाळंतपणाला माहेरी जाताना तू नांदुऱ्याला उतरलीस, म्हणे सुमीला भेटते. खरं म्हणजे तुला बँक पाहायची होती. हेडबाबूंनी तुझ्यासाठी चहा मागवला. साहेब बाहेरगावी होते, गर्दी नव्हती. मी म्हटलं, बस माझ्या स्टुलावर. तू नको नको म्हणालीस, कोणी पाहील म्हणालीस, आणि पोट सावरत बसलीस. तुझा हात आपोआप ड्रॉवरकडे गेला. मला वाटलं, आता डोळ्यांत पाणी येणार हिच्या. कसलं पाणी! तू ड्रॉवर उघडलास आणि माझ्यावर कडाडलीस, "हे काय करून ठेवलं, सुमे? काळे अन् गावंडे एकाच खणात? लाज नाही वाटत?" मग गाडीची वेळ होईपर्यंत तू माझी सगळी कार्डं ओळीनं लावून दिलीस. मध्ये एक खातेदार आला. त्याची स्लिप तू घेतलीस, कार्ड काढलंस, पाहिलंस, आणि म्हणालीस, जुळते. त्यानं तुला बँकेतलीच समजून नमस्कार केला. मी तुला बसमध्ये बसवून दिलं आणि खिडकीतून केळी दिली.

ते शेवटचं. म्हणजे तशी नंतर अकोल्याच्या दवाखान्यात भेटलीस, पण ती भेट मी धरत नाही.

पिंपळगावला तुझे डोळे पिवळे झाले तेव्हा दादांनी काविळीची माळ आणून तुझ्या गळ्यात घातली. माळ लांबत गेली की कावीळ उतरते म्हणतात. माळ लांबत होती आणि तू बरळत होतीस. मग खामगाव, मग अकोला. मी रजा टाकून आले. तू मला ओळखलंस. म्हणालीस, "रजा जपून वापर, सुमे." एवढंच. कोणीतरी म्हणालं, उसाचा रस द्या, म्हणून मी धावत जाऊन रस आणला. नर्स म्हणाली, काही द्यायचं नाही तोंडातून. ग्लास घेऊन मी बाहेरच्या ओट्यावर उभी राहिले. रस काळा पडला तरी मी तो टाकला नाही. टाकला तर मग हातात काय राहणार होतं? दादा शेजारी भिंतीला टेकून बसले होते. ते मला विचारत होते, बँकेतले साहेब या डाक्टरले ओळखतात काय. मी म्हटलं, नाही दादा.

तुझी मुलगी दिवस भरायच्या आधीच झाली, एवढीशी, आणि वाचली. तू नाही वाचलीस. बाबा कापसाच्या जिनिंगमधून, कामावरून तसेच बँकेत निरोप घेऊन आले. मी काउंटरवर होते. समोर बाई अंगठा लावून उभी होती, तिला बिल्ला दिला, आणि मग उठले. कोणीतरी माझ्या जागी बसलं.

तर परवाचं सांगते. कोणाला तरी सांगायला पाहिजे, आणि हे सांगण्यासारखी माझी मैत्रीण तूच एक होतीस.

पंगती उठल्यावर तुझ्या सासूबाईंनी मुलगी माझ्या मांडीवर आणून ठेवली. तिनं लगेच माझी साडी ओली केली. इतक्या दिवसांत त्या घरातल्या बाया पहिल्यांदा हसल्या, म्हणाल्या, मावशीले ओळखलं हो. तेवढ्यात आबाजी येऊन जवळ टेकले. त्यांचे डोळे सुजले होते, पुष्पे. सोंग नव्हतं ते. तुझ्यासाठी त्या घरात सगळ्यांत जास्त तेच रडले असतील. मुलीकडे पाहत हळूच म्हणाले, "सुमन, या लेकराले आई पायजे. परकी आणली त काय करील, देव जाणे. तू त पुष्पीची जिवाची मैत्रीण. नौकरी बी करू देऊ तुले. मेहकरले बँक हाय."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी आईकडे पाहिलं. आई पदराशी चाळा करत खाली बघत होती, म्हणजे तिला आधीच ठाऊक होतं.

मी आबाजींना विचारलं, "पुष्पीलाही असंच म्हणाला होता ना तुम्ही?"

"हाव, म्हनलं होतं," ते म्हणाले. त्यांनी नजर चुकवली नाही. "मनापासून म्हनलं होतं, बाई. नाही जमलं."

ते खोटं बोलले असते तर मी तेरवीचं घर डोक्यावर घेतलं असतं. पण ते खरं बोलत होते. तेव्हाही खरं बोलले होते आणि आताही खरंच बोलत होते, आणि अशा खऱ्या माणसांशी कसं भांडायचं ते तूही मला शिकवलं नाहीस. मधुकरराव अंगणात चपला सरळ करत होते. कोणाच्या, ते त्यांनाही ठाऊक नसेल.

परत येताना बसमध्ये आई एवढंच म्हणाली, पोर गुणी आहे, रडत नाही. बाबा म्हणाले, घाई नाही, पण आठवड्याभरात कळवावं लागेल. दोन दिवस झाले, घरात कोणी काही विचारत नाही, आणि तेच विचारणं असतं. मला नाही म्हणायचं आहे. मी बँकेत बसते. हे स्टूल तुला मिळालं नाही आणि मला मिळालं, ते सोडून मी तुझ्या घरात, तुझ्या कोठीपाशी जाऊन उभी राहू? तुझ्या ताटात जेवू? आणि नाही म्हटलं तर तुझी मुलगी कोणाच्या हाती जाईल ते मला आयुष्यभर ऐकत बसावं लागेल, दर बाजाराला, मेहकरहून येणाऱ्या प्रत्येक माणसाकडून. तू एकदा येऊन सांग. काय सांगायचं ते सांग, मला शिव्या घाल, पण सांग.

मुलीचं नाव अजून ठेवलेलं नाही. सासूबाई म्हणाल्या, जी नवी आई येईल ती ठेवील. परवापासून नाही म्हणायचं हे मी मनाशी घट्ट धरून बसले आहे, पुष्पे. आणि काल दुपारी काउंटरवर बसल्या बसल्या मला तिच्यासाठी एक नाव सुचलं. मी ते अजून कोणाला सांगितलेलं नाही.